शून्य नंबरचा काप

आमच्या घरी चावी आधी गायची आणि मग कापायची, अशी रीत होती. हे सांगितलं की लोक हसतात. खुशाल हसा. चंद्रपूरला जटपुरा गेटाच्या बाजूला आमचं दुकान होतं, आणि दुकानाच्या मागे एका पडद्याआड आमचं घर. माझे बाबा, श्रावणभाऊ, दिवसभर कुलपं दुरुस्त करत आणि संध्याकाळी वस्तीतल्या भीमगीतांच्या मंडळात बाजा वाजवत. बाजा म्हणजे हार्मोनियम. ही दोन कामं त्यांच्या डोक्यात वेगळी कधी राहिलीच नाहीत. चावीच्या दाढेवर, म्हणजे कुलपात जाणाऱ्या टोकावर, ज्या खाचा असतात त्यांना आम्ही काप म्हणायचो. कुलपाच्या आत पितळेची पातळ पानं असतात, त्यांना लिव्हर म्हणतात. चावीचा एकेक काप आपापल्या लिव्हरला नेमका हवा तेवढा उचलतो आणि कुलूप उघडतं. काप जितका खोल तितका लिव्हर कमी उचलला जातो, एवढीच सगळी भानगड. बाबांनी त्या खोलीला नंबर दिले होते आणि नंबरांना सूर. एक नंबरचा काप म्हणजे जेमतेम ओरखडा, तो सा. त्याहून खोल तो रे. असं करत सगळ्यात खोल पाचवा काप म्हणजे प. काप खोल होत जातो तसा सूर वर का चढवायचा, असं मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "कानस खोल गेली का कशी किंचाळते, आयकली नाई का?"

तर गिऱ्हाईक चावी घेऊन आलं की बाबा ती डाव्या हातात धरत, अंगठ्याचं नख कापांवरून फिरवत आणि गुणगुणत, सा ग रे म ग. मी समोर शेगड्यात, म्हणजे लोखंडी पकडीत, कोरी चावी आवळून बसलेली असे आणि सूर ऐकून कानस चालवी. पडद्याआड माय भाकरी थापता थापता तोच सूर धरायची. मग बाबा ओरडायचे, "हळू गा ना वं, गिऱ्हाइकाच्या घराची चावी हाय ते." माय म्हणायची, "मंग तुम्ही काऊन बोंबलून राह्यले बाजारात?" असं दोघांचं चालायचं. उन्हाळ्यात घरात आंबिलीचं मडकं असे, जवसाची चटणी, लाखोळीच्या डाळीचे वडे, आणि या सगळ्यावर पितळेच्या भुकटीचा एक वास. मला अजूनही कुठे पितळ घासल्याचा वास आला की भूक लागते. डॉक्टर म्हणतात असं नसतं. डॉक्टरांनी आमच्या घरचे वडे खाल्ले नाहीत.

आमच्या या गाण्यात एक खास कायदा होता. दोन काप शेजारी शेजारी सारखेच आले, तर दुसऱ्यांदा सूर वेगळा म्हणायचा नाही, पहिलाच लांबवायचा. भजनात नाही का आपण एखाद्या अक्षरावर मुक्काम करतो, तसं. आणि दुकानाच्या लाकडी भिंतीवर बाबा खडूनं नंबर लिहीत तेव्हा त्या दुसऱ्या जागी शून्य मांडत. शून्य म्हणजे मागचाच सूर, थांब. मी शाळेत जायच्या आधीपासून मला हे माहीत होतं. पुढे शाळेत बाईंनी शून्य म्हणजे काहीच नाही असं शिकवलं, ते मी पेपरात लिहून पासही झाले, पण घरी आले की शून्य म्हणजे मुक्कामच.

त्या काळात आमच्याकडे नव्या तऱ्हेची कुलपं यायला लागली होती. ऊर्जानगरच्या वीजकेंद्राच्या क्वार्टरांतले साहेब लोक बदलून येत, त्यांची पोलादी कपाटं येत, आणि कपाटाच्या चावीसोबत एक बारका बिल्ला असे. त्यावर नुसते आकडे. लोकांना वाटे, हा कारखान्याचा काहीतरी हिशेब असेल. बाबांना मात्र पहिल्याच दिवशी कळलं की ते आकडे म्हणजे कापांची खोली. बिल्ला आहे म्हणजे चावी आहे. चावी हरवली तरी ज्याला तो आकडा वाचता येतो तो दुसरी करू शकतो. म्हणून ते प्रत्येकाला बजावत, "बिल्ला चावीसंगं लटकवून फिरू नका भाऊ. तुमी चोराच्या हातात दोन चाव्या देऊन राह्यले." या भारी कुलपांत आणखी एक खोडी असे. साध्या कुलपात चुकीची चावी घातली तर ती फिरत नाही, बस. यांच्यात एखादा लिव्हर हव्या त्यापेक्षा जास्त उचलला गेला की आतला एक खटका पडे आणि कुलूप आडमुठेपणानं कायमचं बसे. मग फोडल्याशिवाय गत नाही. कमी उचलला तर ते माफ करी, जास्त उचलला तर नाही.

मला हे सगळं फार आवडायचं, आणि तिथेच घोडं अडलं होतं. मी बारावी झाले होते. मोठा दादा ऊर्जानगरला नोकरीला लागून तिकडेच राहायला गेला होता, आणि बाबांनी ठरवलं होतं की मी नागपूरला जाऊन डी.एड. करायचं, मास्तरीण व्हायचं. दुकान दोन-चार वर्षं जमेल तसं चालवून बंद करायचं. माझे आजोबा नागपूरला दीक्षा घेऊन परत आले तेव्हा त्यांनी बाबांना सांगितलं होतं म्हणे, की आपल्या पोरांच्या हातात पुस्तक आलं पाहिजे. ते बाबांच्या मनात खिळ्यासारखं बसलं होतं. "आपल्या सात पिढ्या हातानंच राबल्या, कुंदे. तुह्या हातात खडू पायजे, कानस नाई." मी म्हणायचे, खडू तर तुमच्याही हातात असतो, भिंतीवर लिहिता ना. ते हसायचे नाहीत. मी चांगली होते हो कामात. हे सांगायला मला आता लाज वाटत नाही. पण बापाचं स्वप्न म्हणजे काही कुलूप नव्हे की चावी घातली आणि उघडलं. ते वाईट स्वप्न असतं तर भांडता तरी आलं असतं.

त्यातून बाबांचे डोळे गेले होते. म्हणजे पार गेले नव्हते, पण डोळ्यांवर साय धरली होती. हे घरात सगळ्यांना माहीत होतं, पण त्याबद्दल कोणी बोलत नव्हतं. त्यांनी तर बोलायचं नाहीच असं ठरवलं होतं. दिसलं नाही की म्हणत, "उजेड कमी हाय." मे महिन्यात, चंद्रपुरात, भर दुपारी.

त्या वर्षी बुद्धपौर्णिमेच्या दोन दिवस आधी नागभीडजवळच्या एका गावातून दौलतभाऊ आले. त्यांच्या गावानं विहार बांधला होता आणि ते विहाराच्या समितीचे अध्यक्ष होते. धानाची शेती करणारा, दणकट, घाईत बोलणारा माणूस. त्यांच्या विहारासाठी परदेशातल्या भिक्खूंनी बुद्धाची मूर्ती दान दिली होती. ती आणायला त्यांच्याकडचे भन्ते गेले होते आणि दोन पोलादी खोके घेऊन आले होते. लहान खोक्यात ग्रंथ, मोठ्यात मूर्ती. दोन्हींना एकाच परदेशी कंपनीची, तसल्याच खटक्याची भारी कुलपं. लहान खोक्याची चावी होती, मोठ्याची नागभीडला गाडी बदलताना कुठेतरी पडली. "पन भन्तेजी हुशार," दौलतभाऊ म्हणाले, "बिल्ला त्यायनं अलग ठेवला होता." त्यांनी खिशातून रुमाल काढला. रुमालात दोन बिल्ले आणि लहान खोक्याची चावी.

"फोडून काऊन नाई टाकत?" मायनं पडद्याआडून विचारलं.

"कसं फोडता बाई? आत काचेचं मखर हाय म्हणते, अन् मूर्ती पांढऱ्या दगडाची, पातळ. छन्नी मारली त देव वाचन, मखर वाचन, काई सांगता येत नाई." मग स्वतःच जीभ चावून म्हणाले, "देव म्हंजे बुद्ध म्हणतो मी." बाबांना हसू आलं. पण दौलतभाऊंना नव्हतं येत. आजूबाजूच्या गावांना आमंत्रणं गेली होती, बायांनी खिरीला दूध सांगून ठेवलं होतं, आणि बंद खोक्यासमोर वंदना घ्यायची वेळ येणार म्हणून त्या माणसाची झोप उडाली होती.

आम्ही लहान खोक्याची चावी आणि तिचा बिल्ला शेजारी ठेवले. आकडे तेच सांगत होते जे नख सांगत होतं. एक सगळ्यात उथळ, पाच सगळ्यात खोल. म्हणजे त्यांची मोजणी आमच्यासारखीच होती. मग मोठ्या खोक्याचा बिल्ला मी वाचला. दोन, चार, पाच, शून्य, एक, तीन. बाबांनी लगेच गायलं, रे म प, प लांबवला, सा ग. "सोपा हाय," म्हणाले. एवढ्या जाड दाढेच्या कोऱ्या चाव्या दुकानात दोनच होत्या. एक मी कापली. अर्थात बाबा गात होते आणि मी कापत होते, पण गिऱ्हाइकांसमोर चावी बाबांनीच केली असं असे. दुसरी कोरी, कानशी आणि हातशेगडा पिशवीत टाकला. मायनं फडक्यात भाकरी आणि चटणी बांधली. निघताना बाबा मला म्हणाले, "हे शेवटचं काम, कुंदे. आल्यावर नागपूरची तयारी." मी पिशवी खांद्याला अडकवली. बोलले असते तर रडले असते.

चांदा फोर्टवरून छोट्या लाइनीची गाडी होती. ती इतकी हळू चालायची की माणसं मध्येच उतरून लघवीला जाऊन परत चढत. पौर्णिमेच्या दिवशी सकाळी आम्ही गावात पोचलो तेव्हा विहारापुढे मांडव घातला होता, निळी-पांढरी पताका लावून झाली होती, आणि तीन दगडांच्या चुलीवर हे एवढं पातेलं चढलेलं. पांढरी लुगडी नेसलेल्या बाया दूध ढवळत होत्या. भन्ते तरुण होते, बारीक, फार कमी बोलणारे. चावी आपल्या हातून हरवली म्हणून ते कोणाच्या नजरेला नजर देत नव्हते. मला त्यांची दया आली.

खोका विहारात मधोमध होता. बाबांनी कुलपाला हात लावून पाहिलं, चावी घातली. चावी सरळ आत गेली. सगळे श्वास धरून उभे. बाबांनी फिरवली. फिरली नाही. पुन्हा, अलगद. नाही. त्यांनी माझ्याकडे चावी दिली आणि म्हणाले, "घासून पाय जरा, कुठी कचरा राह्यला असन." कचरा नव्हता. मी काप तपासले, एकेक, लहान चावीशी लावून. सगळे बरोबर होते. घाम माझ्या कानामागून मानेवर उतरत होता आणि दौलतभाऊ मागे उभे राहून कोणाला तरी दबक्या आवाजात सांगत होते, लोहाराले बोलावून ठेव.

विहारात दिवा लागलेला होता. मी भन्तेंना विचारून चावीची दाढ त्या ज्योतीवर धरली, काजळी बसेस्तोवर. मग ती कुलपात घातली, फिरवायचा थोडा जोर दिला आणि बाहेर काढली. हे बाबांनीच शिकवलेलं. जिथे जिथे लिव्हर चावीला घासतो तिथली काजळी पुसली जाते. मी दारापाशी उजेडात जाऊन पाहिलं. बाकी सगळ्या कापांवर पितळ चमकत होतं. चौथ्यावर काजळी जशीच्या तशी. तिथे चावी कशालाच लागत नव्हती. तो लिव्हर आपल्या जागी झोपून होता, आणि आमचा काप त्याच्यापर्यंत पोचतच नव्हता. चौथा काप, म्हणजे शून्याचा, जो आम्ही मागच्या पाचाइतकाच खोल कापला होता. मी तिथेच उभी राहिले. शाळेतल्या बाई आठवल्या. शून्य म्हणजे काहीच नाही. म्हणजे तिथे कापच नाही, दाढ तशीच ठेवायची, पूर्ण उंच.

मी बाबांना बाजूला घेऊन सांगितलं. ते म्हणाले, "शून्य म्हंजे मागचाच सूर. तुले हे नवीन सांगावं लागते का?"

"आपल्या घरात, बाबा. त्याइच्या घरी शून्य म्हंजे काय, ते आपल्याले कुठी मालूम? लहान बिल्ल्यावर शून्य नोतंच."

"अन् तू चुकली त?"

ते का विचारत होते ते मला कळत होतं. आत्तापर्यंत चौथा लिव्हर कमी उचलला जात होता, म्हणून कुलपानं माफ केलं होतं. मी काप न देता दाढ उंच ठेवली आणि माझं म्हणणं खोटं ठरलं, तर तो लिव्हर जास्त उचलला जाणार, खटका पडणार आणि मग लोहाराची छन्नीच. शिवाय कोरी चावी एकच उरलेली. बाबांनी काजळी लागलेली चावी हातात घेतली, डोळ्यांजवळ नेली, लांब धरली, दाराच्या उन्हात धरली. नख लावायला गेले, पण काजळी पुसली जाईल म्हणून थांबले. मला ते पाहवेना. जन्मभर ज्या माणसानं नखानं कुलपं वाचली, त्याला आता नख लावता येत नव्हतं आणि डोळ्यांनी दिसत नव्हतं. माझ्यावर भरवसा ठेवण्यापलीकडे त्यांच्यापाशी काही उरलं नव्हतं, आणि हे आम्हा दोघांनाही त्याच क्षणी कळलं.

"चौथ्यावर काजळी हाय?" त्यांनी विचारलं.

"हाय."

"पुरी?"

"पुरी हाय बाबा. कणभरही पुसली नाई."

 बाहेर बाया खिरीत साखर टाकायची की थांबायचं यावरून भांडत होत्या. मग बाबांनी पिशवीतून दुसरी कोरी चावी काढून माझ्या हातावर ठेवली. "तू पायलं, तूच काप. मी गात नाई."

मी विहाराच्या पायरीवर शेगडा बसवला आणि कापायला बसले. बाबा शेजारी बसले, खरंच गायले नाहीत. आयुष्यात पहिल्यांदा मी चावी मुक्यानं कापली. दोन, चार, पाच, मग चौथी जागा सोडली, तिला कानस लावलीच नाही, मग एक, मग तीन.  भोवती गावातली माणसं जमली होती. एक म्हातारी बाई पदरानं मला वारा घालत होती आणि म्हणत होती, "होते माय, होते, सावकाश कर." त्या बाईचं नावही मला माहीत नाही, पण तिचं ते सावकाश कर मी पुढे प्रत्येक अवघड कामाला स्वतःलाच म्हणत आले.

चावी बाबांनी फिरवावी म्हणून मी त्यांच्यापुढे धरली. त्यांनी मान हलवली. मग मीच घातली, मीच फिरवली. आत एक जड, तेल घातल्यासारखा आवाज झाला आणि खोक्याचं दार आपल्या वजनानं माझ्याकडे आलं. काचेमागे तो शांत चेहरा होता. दगड इतका पातळ की दिव्याचा उजेड कानाच्या पाळीतून आरपार दिसत होता. सगळं गाव साधू साधू साधू म्हणालं. भन्ते गुडघ्यावर बसले आणि लहान मुलासारखे रडले. दौलतभाऊंनी लोहाराला मिठी मारली, का ते त्यांनाच ठाऊक. मी बाबांकडे पाहिलं तर ते मूर्तीकडे पाहत नव्हते, माझ्या हातातल्या चावीची चौथी जागा नखानं चाचपत होते. मग हलकेच म्हणाले, "च्यामायला. काहीच नाई इथी." आणि हसू लागले. असे हसले की त्यांना ठसका लागला.

खीर आम्हाला सगळ्यांत आधी वाढली. त्यात चारोळ्या होत्या, जंगलातल्या, ताज्या फोडलेल्या. मी तीन द्रोण खाल्ले. वंदना झाली, बाबांनी गावच्या मंडळाचा बाजा ओढून घेतला आणि उन्हं कलेपर्यंत वाजवला. दिवस फार सुखाचा गेला. तरी मधूनमधून मला नागपूर आठवत होतं, कारण कुलूप उघडलं म्हणून बापानं आपला शब्द फिरवावा असं कुठे लिहिलं आहे? उलट पोरगी हुशार निघाली म्हणून ते आणखीच हट्टाला पेटतील, असं मला वाटत होतं.  

परतीच्या गाडीत समोरच्या बाकड्यावर एक माणूस बसला होता, वरोऱ्याकडचा, कापसाचा व्यापार करणारा. मांडीवर एक पत्र्याची पेटी. आपल्याकडे गाडीत बसलं की ओळख झाल्याशिवाय माणसाला घास जात नाही, तसं त्यानं बाबांना गाव विचारलं, कुठून आले ते विचारलं, मग माझ्याकडे मान वळवून म्हणाला, "पोरगी काय शिकून राह्यली भाऊ?"

मी खिडकीबाहेर पाहायला लागले. मास्तरीण होनार हाय, हे उत्तर मला पाठ होतं.

बाबा म्हणाले, "शिकून झालं तिचं. चंद्रपूरले कुलपाचं दुकान हाय आपलं, ते चालवते."

"पोरगी चालवते?"

"हो. मले आता दिसत नाई."

मी वळून पाहिलं. जे त्यांनी मायला सांगितलं नव्हतं, दादाला नव्हतं, मला तर नव्हतंच, ते त्यांनी एका अनोळखी माणसाला, भुईमुगाच्या शेंगा सोलता सोलता सांगून टाकलं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं ते मी लपवलं नाही, आणि बाबांना ते दिसलं नसावं. त्या माणसानं मला एकदा वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मग मांडीवरची पेटी उचलली, बाबांना वळसा घालून माझ्यापुढे ठेवली आणि म्हणाला, "मंग बाई, हिचं कुलूप मोठं अडकून राह्यलं, पायता का जरा?"

मी पिशवीतून कानस काढली.